झॅन्वोरचं शेवटचं अक्षर

देवराव पौनीकर सायकलवरून सरळ घरी गेला, असं नागपुरात कोणी पाहिलेलं नाही. गांधीबागेतल्या टपरीपासून नंदनवनातल्या घरापर्यंत शहाण्या माणसाला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट त्याला लागायचा, कारण वाटेत अक्षरं होती. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची शायरी, कापडाच्या गठ्ठ्यांवरचे शिक्के, मागच्या निवडणुकीपासून भिंतीवर राहून गेलेली नावं. लोक पाटी वाचतात आणि आपल्या कामाला लागतात. देवराव पाटी वाचतच नसे. आत डॉक्टर बसतो की न्हावी, याच्याशी त्या बाबाला देणंघेणं नव्हतं. हा 'ड' असा पोट सुटलेला कोणी काढला, कोणाचं बघून काढला, एवढंच त्याला हवं असायचं. एकदा तर एका सोनाराच्या दुकानासमोर तो इतका वेळ उभा राहिला की सोनारानं घाबरून पोलिसाला बोलावलं. पोलीस आला, त्यानंही मान वर करून पाटी बघितली आणि विचारलं की यात बघण्यासारखं आहे तरी काय. झालं, देवराव सांगायला लागला. पोलीस ड्यूटी विसरून ऐकत राहिला आणि सोनार दुकानाच्या दारात ताटकळला.

पेशानं तो बोर्ड रंगवणारा, म्हणजे हे वेड त्याच्या पोटापाण्याचंच होतं. पण पोटापाण्याला इतकं लागत नाही हो. गांधीबागेत आणखीही पेंटर होते. ते सांगितलेलं नाव लिहीत, खाली सही ठोकत आणि चहा प्यायला जात. देवरावनं मात्र इंग्रजी अक्षरांच्या एकेका तऱ्हेचं बारसं केलं होतं. पुस्तकातली खरी नावं त्याला ठाऊक नव्हती, आणि असती तरी त्याला ती पसंत पडली नसती. पायाशी जाड पट्ट्या असलेलं अक्षर म्हणजे 'बूटवालं'. कचेऱ्यांवर असतं ते, कुठं जाड कुठं बारीक, ते 'साहेब'. सगळीकडून सारखं जाड ते 'पहिलवान'. लग्नपत्रिकेवरचं, एकमेकांच्या गळ्यात पडलेलं, ते 'नवरी'. गिऱ्हाईक आलं की देवराव गंभीरपणे विचारायचा, साहेब देऊ की पहिलवान, आणि ते बिचारं काहीतरी एक बोलून सुटका करून घ्यायचं.

हे वेड त्याला बापाकडून आलं होतं. पण असं त्याच्या तोंडावर म्हणायची सोय नव्हती.

बाप धोंडबा. गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत त्याचा खड्ड्यातला हातमाग. पंचे विणायचा, लुगड्यांचे काठ विणायचा, आणि त्याची खासियत म्हणजे काठात अक्षरं विणायचा. भजनी मंडळाचं नाव, आखाड्याचं नाव, नवरानवरीचं नाव. एकदा तर सिव्हिल लाइन्समधल्या कुठल्याशा क्लबाच्या टॉवेलांवर त्यानं इंग्रजी अक्षरंसुद्धा विणून दिली होती. स्वतः धड मराठीही वाचता येत नव्हतं. पण धागे मोजून अक्षर उभं करायचा आणि ते बरोबर यायचं. देवराव त्याच मागाशेजारी रांगला, वाढला, बसायलाही लागला. मग कधीतरी सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका उस्तादाचा हात त्यानं पाहिला. ब्रश एकदा टेकवायचा आणि गोल अक्षर एका दमात उतरवायचं. पोरगं पागल झालं. महिनाभरात त्यानं माग सोडला.

त्या दिवशी घरात जे बोलणं झालं ते दोघंही विसरले नाहीत. धोंडबा म्हणाला होता, "ब्रशाचं अक्षर म्हंजे काय गा? फडकं मारलं का गेलं. माह्यं अक्षर कापड फाटल्याबिगर निंगत नाई." आणि देवराव तरण्या रक्ताच्या भरात उलटून बोलला होता, "तुमच्या अक्षराले पायऱ्या हायेत बा. साधा गोल येत नाई तुमाले. लोक हासतात."

लोक हसत नव्हते. कोणीच कधी हसलं नव्हतं. पण बोलून गेला, आणि तोंडातून गेलेला शब्द काही माघारी आणता येत नाही.

त्यानंतर बापलेकांत भांडण असं राहिलं नाही. देवरावचं लग्न झालं, सुभद्रा घरात आली, दुखणीखुपणी, सणवार, सगळं एकमेकांना धरून झालं. दोघं पाण्याच्या टंचाईवर बोलत, संत्र्यांच्या भावावर बोलत. अक्षरांवर मात्र एक शब्द नाही. धोंडबा पंच्यांचा गठ्ठा घेऊन दर आठवड्याला गांधीबागेत यायचा. त्या अख्ख्या रस्त्यावर डावीउजवीकडे लेकाचे बोर्ड टांगलेले असायचे, खालच्या उजव्या कोपऱ्यात 'देवराव' अशी झोकदार सही. म्हातारा खाली मान घालून जायचा आणि खाली मान घालून यायचा. एवढ्या वर्षांत त्यानं एकाही बोर्डाकडे डोळा वर करून बघितलं नव्हतं. देवरावला हे इतकं लागायचं की बाप येण्याच्या वेळेला तो मुद्दाम टपरीच्या मागे जाऊन डबे धूत बसायचा. बापानं एकदा, फक्त एकदा वर बघावं, एवढंच त्याचं मागणं होतं, आणि ते मागायला तोंड नव्हतं.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात मनोहरराव त्याच्याकडे आले. मनोहररावांचं भाड्यानं सायकली देण्याचं दुकान होतं. पण माणूस हौशी. मुंबईला गेले होते तिथं त्यांनी व्हिडिओ गेमचं मशीन बघितलं, आणि बघितलं ते घेऊनच आले. कपाटाएवढं धूड. समोर टीव्हीसारखी काच, खाली दांडा आणि बटणं. सायकली अर्ध्या भागात सारून उरलेल्या अर्ध्यात हे मशीन उभं केलं. अक्षय तृतीयेचा मुहूर्त काढला. दारावर मोठा बोर्ड हवा, आणि त्यावर मशीनवरचं कंपनीचं नाव जसंच्या तसं हवं, म्हणजे लोकांना माल अस्सल विलायती असल्याची खात्री पटेल, असं त्यांचं म्हणणं.

"जसंच्या तसं म्हणजे कसं?" देवरावनं विचारलं, कारण तिथंच तर घोडं अडलं होतं. मशीनच्या कपाळावर कंपनीच्या नावाची लांब काच होती, आणि अमरावती रोडच्या खड्ड्यांनी ट्रकमध्ये तिचा निकाल लावला होता. तुकडे काळ्या चिकटपट्टीनं जोडले तेव्हा झेड, ए, एन, व्ही, ओ एवढी पाच अक्षरं मिळाली. सहाव्याचा पार चुरा झाला होता. मशीनच्या पाठीवर पत्र्याची एक बिल्ला-पट्टी होती, तिच्यावर टाइप केलेलं नाव होतं, झॅन्वोर. त्यामुळे शेवटचं अक्षर आर, हे कळलं. पण या तऱ्हेचा आर दिसतो कसा, हे कोण सांगणार? मशीन चालू करून बघावं तर मेकॅनिक मुंबईहून थेट मुहूर्ताच्या दिवशी येणार होता, आणि तोवर प्लगला हात लावाल तर खबरदार, असा त्याचा निरोप होता.

मनोहरराव म्हणाले की बाप्पा, आर तो आर, तुला काय आर काढता येत नाही? आता हे देवरावला म्हणणं म्हणजे हलवायाला साखर ठाऊक आहे का विचारणं. आर त्याला पन्नास तऱ्हेचे येत होते. साहेबाचा आर पाय लांबवून ऐटीत उभा राहतो, बूटवाल्याचा आर दोन्ही पायांत बूट घालतो, नवरीचा आर पदर ओढत जातो. पण काचेवरची ही पाच अक्षरं त्याच्या ओळखीच्या कुठल्याच घराण्यातली नव्हती. जाड होती, पण पहिलवान नव्हती. आणि तिरप्या रेषांना दातरे होते. व्हीच्या दोन्ही भुजा खाली येताना ठेचा खात उतरल्यासारख्या. देवरावच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. हे अक्षर कोणाचं?

त्यात त्याच्या उस्तादानं त्याला एक नेम घालून दिला होता. ज्या अक्षराचं कूळ ठाऊक नाही, त्याच्याखाली सही करायची नाही. बोर्ड देऊन टाक, पोट आहे, पण नाव घालू नको. देवरावनं तो नेम आजवर पाळला होता आणि बिनसहीचा बोर्ड कधी टांगावा लागला नव्हता, कारण कूळ काढल्याशिवाय तो सोडतच नसे.

त्यानं काच घरी नेली. तिच्या कडांनी हात कापू नये म्हणून सुभद्रानं ट्रंकेतून एक जुना पंचा काढून दिला, त्यात ती गुंडाळली आणि सायकलला बांधून देवराव निघाला. 

पहिला मुक्काम इतवारीतला छापखाना. तिथला कंपोझिटर चंद्रभान त्याचा दोस्त. शिशाचे खिळे जुळवून जुळवून बोटं काळी झालेला माणूस. त्यानं एकेक खण उघडून दाखवला, देवरावनं प्रत्येक तऱ्हेतला आर उचलून उजेडात धरला, आणि छापखान्याचा मालक येऊन खाकरला तेव्हा कुठं दोघं थांबले. असा खिळा आमच्याकडे नाही, चंद्रभान म्हणाला. मग काचेवर नाक टेकवून त्यानं ते दातरे बघितले आणि आपला निवाडा दिला की खिळा झिजला, कोपरे उडाले, की छाप असाच दातेरी उमटतो. म्हणजे मूळ अक्षर साफ होतं, छापणाऱ्यानं घाण केली.

देवरावला हे मनापासून पटलं. पटणारच. ब्रशवाल्या माणसाला तिरपी रेष म्हणजे इज्जतीचा सवाल. ज्याची तिरपी रेष थरथरते त्याला त्याच्या बिरादरीत पाणी कोणी विचारत नाही. तेव्हा एवढ्या मोठ्या कंपनीनं मुद्दाम दातेरी रेष काढली असेल हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. त्यानं त्या बिचाऱ्या विलायती पेंटरची चूक पदरात घेतली, बोर्डावर पाचही अक्षरं घासूनपुसून, दातरे काढून, लोण्यासारखी उतरवली, आणि शेवटी अंदाजानं एक लफ्फेदार पायाचा आर बसवून दिला.

मनोहरराव बेहद्द खूश झाले. देवरावनं रस्ता ओलांडला, समोरच्या पानठेल्यापाशी उभं राहून बोर्डाकडे बघितलं, आणि त्याचं तोंड उतरलं. काचेवरची अक्षरं जागेवर उभी राहूनसुद्धा पळत होती. ही त्याची अक्षरं जेवून लवंडल्यासारखी दिसत होती. मनोहरराव म्हणाले की चालते ना, सही कर अन् मोकळा हो. देवरावनं सही केली नाही. वरून बोर्डावर पांढरा रंग फासून आला. मनोहररावांनी कपाळावर हात मारला. मुहूर्त तोंडावर आला होता.

मग त्याला आठवलं की कन्हानला खाणीच्या आवारात विलायती यंत्रांच्या मोठ्या पेट्या पडलेल्या असतात आणि त्यांवर अशीच काहीतरी तुटक अक्षरं असतात. चैत्राचं ऊन, डोक्याला ओला रुमाल, आणि हा पठ्ठ्या पंच्यात गुंडाळलेली काच मांडीवर घेऊन बसनं कन्हानला. खरंच पेट्या होत्या, अक्षरंही होती. पण ती पत्र्याच्या साच्यातून रंग मारून उमटवलेली, साचा तुटू नये म्हणून मधे मधे फटी ठेवलेली. फटी होत्या, दातरे नव्हते. पहारेकऱ्यानं विचारलं की काय शोधून राहिला गा, हरवलं काय? देवराव म्हणाला की आर. पहारेकऱ्यानं त्याला प्यायला पाणी दिलं आणि सावलीत बसवलं, उन्हाचं काही सांगता येत नाही म्हणून.

घरी आला तो तापलेला आणि चिडलेला. काच पंच्यासकट जमिनीवर ठेवली आणि आडवा झाला. सुभद्रा केर काढत होती. तिनं पंचा उलगडला, काच उचलून भिंतीशी उभी केली आणि पंचा झटकायला घेतला. झटकता झटकता तिचा हात थांबला. तिनं एकदा पंच्याच्या काठाकडे बघितलं, एकदा काचेकडे.

"अवो," ती म्हणाली, "तुमच्या काचेवरचं अक्षर बुढ्याच्या पंच्यावानी दिसून राह्यलं."

देवराव डोळे न उघडताच म्हणाला की कापड ते कापड, उगा काही बोलू नको. मग त्यानं एक डोळा उघडला. मग दुसरा. मग उठून बसला.

पंच्याच्या काठात लाल सुतानं कुठल्याशा भजनी मंडळाचं नाव विणलेलं होतं. धोंडबाच्या हातचं. त्यातल्या 'व'चं पोट गोल नव्हतं. एक पायरी बाहेर, एक खाली, मग परत आत, असं करत करत ते वळलं होतं. शेजारी काचेवरचा ओ अगदी तसाच वळला होता. देवराव गुडघ्यांवर सरकत गेला. बोटानं पंच्यावरच्या पायऱ्या मोजल्या, मग काचेवरच्या. सगळ्या पायऱ्या सारख्या, मापात, एकीसारखी एक. झिजलेल्या खिळ्याला असं माप कुठलं? हे कोणी चुकून केलेलं नव्हतं. कोणीतरी अख्खं अक्षर चौकटी मोजून बसवलं होतं. इतवारी झाली, कन्हान झालं, आणि हा पंचा सगळीकडे त्याच्याच जवळ होता.

"काखेत कळसा," सुभद्रा केरसुणी आपटत म्हणाली. उरलेली म्हण तिनं बोलून दाखवली नाही, हे तिचे उपकार.

आता कूळ सापडलं होतं आणि देवरावचा जीव घाबरा झाला. कारण आर कसा उभा करायचा हे विचारायला नागपुरात एकच माणूस होता. आणि त्याच माणसाला त्यानं ऐन तारुण्यात तोंड वर करून सांगितलं होतं की तुमच्या अक्षराले पायऱ्या हायेत. आता त्याच पायऱ्या मागायला त्याच्या दारात जायचं. बापानं दारातूनच वाटेला लावलं असतं तरी तक्रार करायला जागा नव्हती. रात्रभर कूस बदलली. सकाळी सुभद्रानं चहासोबत पंचा आणि काच दोन्ही पुढ्यात ठेवली, म्हणून त्याला जावंच लागलं.

धोंडबा मागावरच होता. देवरावनं काच त्याच्या हातात दिली. म्हाताऱ्यानं ती डोळ्यांजवळ नेली, उजेडाकडे फिरवली, आणि अंगठ्यानं अक्षरं चाचपली.

"कोन्या कोष्ट्याचं हाये?" त्यानं विचारलं.

देवरावनं सांगितलं की कोष्ट्याचं नाही, विलायती कंपनीचं आहे, मनोहरराव मुंबईत बघून आलेत, टीव्हीसारख्या काचेवर उजेडाच्या चौकटी पेटतात, त्यातून हे अक्षर होतं. धोंडबाला टीव्हीत काही गोडी नव्हती. त्यानं एवढंच विचारलं की चौकट अर्धी पेटते काय? देवराव म्हणाला की नाही, पेटली तर पूर्ण, नाहीतर नाही.

"मंग धागाच हाये तो," धोंडबा म्हणाला. "धागा वाकत नाई. तिरपं जायाचं त पायरी करा लागते."

त्यात टोमणा नव्हता. तो फक्त कामाचं बोलत होता, आणि म्हणूनच देवराव त्याच्या शेजारी खाली बसला. शेवटचं अक्षर हरवलं आहे, असं त्यानं सांगितलं. बापाला इंग्रजी नावं कळत नव्हती, म्हणून त्यानं खडूनं जमिनीवर साधा आर काढून दाखवला. म्हाताऱ्याचे डोळे चमकले. क्लबाच्या टॉवेलावर हा गडी होता, तो म्हणाला, आपण याले 'लंगडा' म्हणतो. त्या सगळ्या इंग्रजी अक्षरांना त्यानं तेव्हा नावं दिली होती. ओ म्हणजे 'विहीर', व्ही म्हणजे 'सुपारीचा अडकित्ता', ए म्हणजे 'शिडी'. देवराव तोंडाचा आ करून ऐकत राहिला. त्याला वाटत होतं की अक्षरांचं बारसं करायची खोड जगात आपली एकट्याची आहे.

धोंडबानं फडताळातून चिंचोक्यांचं डबडं काढलं आणि जमिनीवर चिंचोके मांडायला सुरुवात केली. एक चिंचोका म्हणजे एक चौकट. काचेवरच्या अक्षरांची जाडी बघून त्यानं आरची पाठ उभी केली, डोकं वळवलं, आणि मग तिरपा पाय पायरी पायरीनं खाली आणला. पाय संपला असं देवरावला वाटलं. बापानं थोडा विचार केला आणि अगदी टोकाला आणखी एक चिंचोका बाहेरच्या बाजूला सरकवून ठेवला.

"हे कायले, बा?"

"लंगडा हाये ना. टाच नाई ठेवली त पडते."

त्या बोर्डाला जेवढा घाम लागला तेवढा देवरावला दुसऱ्या कुठल्या कामात लागला नाही. आधी सुताला खडू लावून अख्ख्या फळीवर उभ्याआडव्या चौकटी मारल्या. मग एकेक चौकट भरायची. हात सारखा बेइमानी करायचा. पायरी आली की ब्रश आपोआप ती घासून गुळगुळीत करायला धावायचा, आणि देवराव त्याला शिव्या देत मागे ओढायचा. पण सहा अक्षरं पुरी झाल्यावर तो पानठेल्यापाशी जाऊन उभा राहिला, तेव्हा बोर्ड जणू आत्ता पळेल असा दिसत होता. शेवटचा लंगडा टाच रोवून सगळ्यांना धरून होता. सही मात्र अजून केली नव्हती. मशीन चालू झाल्यावर कंपनीचा आर बघू, मग करू, असं त्यानं ठरवलं.

मुहूर्ताच्या सकाळी तो बापाला बोलवायला गेला. मला काय करायचं बोर्डाचं, म्हातारा म्हणाला आणि मागावरचा धोटा फेकत राहिला. देवराव एकटाच परत आला.

मनोहररावांच्या दुकानात पोरासोरांची ही झुंबड. नारळ फुटला, मेकॅनिकनं प्लग लावला, काच काळी राहिली, मग तिच्यात उजेडाच्या बारीक चौकटी एकेक करून पेटायला लागल्या. झेड आला, ए आला, एन, व्ही, ओ. आणि आर आला. पाठ तीच, डोकं तेच, पायऱ्या त्याच. पण टाच नव्हती. शेवटची ती एक चौकट तिथं नव्हतीच. पाय सरळ येऊन संपला होता.

बापाचं चुकलं होतं. आता बोर्ड पुन्हा उतरवायचा, टाच पुसायची, फडकं मारलं की गेलं. बाप आला नाही तेच बरं झालं असं मनात म्हणत तो वळला, तर दारात सुभद्रा उभी, आणि तिच्या खांद्याला धरून धोंडबा. ती स्वतः जाऊन त्याला रिक्षातून घेऊन आली होती. म्हाताऱ्याला बाहेरच थांबवावं म्हणून देवराव लगबगीनं पुढे झाला. पण पोरांनी म्हाताऱ्याला वाट करून दिली होती आणि तो थेट मशीनसमोर जाऊन पोहोचला होता. काचेला नाक लावून त्यानं एकेक अक्षर बघितलं. शेवटच्यापाशी थांबला.

"याले टाच नाई," तो म्हणाला. "हा पडते."

मनोहरराव समजूत घालायला पुढे आले की बाबा, कंपनीचं आहे, कंपनीचं कसं चुकेल. आणि त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत काचेवरची अक्षरं गदगद हलली आणि कोसळली. चौकटी सुट्या होऊन भुरूभुरू खाली आल्या, ढीग झाला, ढिगातून बंदूकवालं विमान निघालं. खेळ सुरू व्हायची ती त्या कंपनीची तऱ्हाच होती, आणि पडायची ती सहाही अक्षरं पडली होती. पण धोंडबाला बाकीच्या पाचांशी कर्तव्य नव्हतं.

"सांगतलं ना," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

मनोहररावांनी देवरावला बाजूला घेतलं. मशीनमध्ये तो टाचेचा ठिपका नाही, तेव्हा बोर्डावरचा तेवढा पुसून टाक, असं त्यांचं म्हणणं. देवरावनं त्यांच्याकडे बघितलं, मग दारातून बाहेर बघितलं. बाहेर भर उन्हात धोंडबा मान पाठीमागे टाकून उभा होता. डोळ्यांवर हाताची सावली धरून वर बघत होता. झेडपासून लंगड्यापर्यंत, मग परत लंगड्यापासून झेडपर्यंत.

"नाई पुसत," देवराव म्हणाला. "तो तसाच बरोबर हाये."

त्यानं स्टूल आणलं, लाल रंगाचं डबडं आणलं, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात सही करायला चढला. नेहमीची झोकदार सही केली नाही. चौकट चौकट मोजून, पायरीनं, आधी धोंडबा लिहिलं आणि शेजारी देवराव. खाली उतरेपर्यंत घामानं निथळला होता. धोंडबाला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव तो ओळखायचा, कारण ते त्यानं पंच्यांच्या कोपऱ्यात जन्मभर विणलं होतं. बोर्डाचा तो कोपरा त्याच्या हाताला येत होता. त्यानं हात वर करून आपल्या नावावरून बोट फिरवलं. रंग ओला होता, बोट लाल झालं.

त्यानं ते खांद्यावरच्या पंच्याला पुसलं. बोट कोरडं झालं, डाग पंच्यावर गेला. त्यानं अंगठ्यानं तो डाग एकदा चोळला, थुंकी लावून पुन्हा चोळला, आणि मग देवरावकडे बघितलं.

"निंगत नाई गा हा," धोंडबा म्हणाला.